वाटून टाकलेली चूक

‘किनारपट्टीवर चक्रीवादळांमुळे होणारी हानी गेल्या दोन पिढ्यांत सातत्याने वाढत गेली असून, वादळांची वाढती उग्रता आणि समुद्रपातळीतील एक हाताची वाढ ही तिची कारणे होत. मानवी निर्णयांचा या हानीत नोंद घेण्याजोगा वाटा समितीस आढळला नाही. जीवितहानी मुख्यत्वे, दिलेल्या इशाऱ्याकडे रहिवाशांनी दुर्लक्ष केल्यामुळे झाली.’

वाक्ये तीनच होती. पहिले अर्धे खरे होते, दुसरे पूर्ण खोटे होते आणि तिसरे आत्याविषयी होते.

वजाबाकीने तो मजकूर आत्याच्या अंगणात उभ्याने वाचला. बसायला जागा नव्हती असे नाही. घरातले सगळे सामान अंगणातच मांडून ठेवलेले होते. गाळाने माखलेल्या खुर्च्या, फुगून चौकटीत न मावणारी कपाटाची दारे, चाक गंजायला लागलेले शिवणयंत्र, एकमेकांना चिकटलेल्या गाद्या, सगळे उन्हात पडले होते. पण आत्याच्या खुर्चीत बसून आत्याला मूर्ख ठरवणारा मजकूर वाचणे तिच्याच्याने होईना.

‘वजाबाकी’ हे नाव आत्यानेच ठेवलेले. भाची विद्यापीठात वादळांच्या नुकसानीचा अभ्यास करते म्हणजे नेमके काय करते, हे एकदा नीट समजावून घेतल्यावर आत्या म्हणाली होती, “म्हणजे तू सगळ्यातून घरं वजा करतेस आणि काय उरतं ते बघतेस. वजाबाकी आहेस गं तू.” व्याख्या इतकी नेमकी होती की भाचीने ती पुढे कित्येक वर्षे वर्गात सांगितली, अर्थात आत्याचा उल्लेख न करता. विद्वानांना ही खोड असतेच.

नुकसान वाढले होते, यात वाद नव्हता. पण पणजोबांच्या काळी ज्या वादळाने इथल्या चार होड्या आणि मिठाचे एक कोठार मोडले, तेच वादळ आज त्याच वाटेने आणून सोडले असते तर त्याने अख्खी वसाहत मोडली असती. तेव्हा इथे दलदल होती, आज इथे वसाहत होती. वादळाच्या वाटेत मोडण्याजोगे सामान आपणच आणून मांडले, एवढे एक साधे विधान सिद्ध करण्यात वजाबाकीच्या डोक्याचे केस पिकले. जुनी वादळे एकेक करून आजच्या घरांवर सोडायची, नव्या वादळांच्या हिशेबातून नवी घरे काढून घ्यायची, आणि मग आलेखाचा चढ किती उरतो ते पाहायचे. चढ जवळजवळ आडवा होई. जवळजवळ, पुरता नव्हे. तापलेल्या समुद्रावरून येणारे वादळ जास्त पाऊस ओतते आणि समुद्र खरोखरच चढतो आहे, हेही तिने कधी लपवले नव्हते. ज्यांना हवेचा काहीच दोष नको असे, त्यांना ती हे वाक्य ऐकवी. ज्यांना माणसांचा काहीच दोष नको असे, त्यांना आधीचे. परिणामी दोन्हीकडच्या समारंभांची आमंत्रणे तिला येत नसत.

अहवालाने तिच्या पुस्तकातले समुद्राविषयीचे तेवढे एक वाक्य उचलले होते. तिच्या नावासकट. आधीचे सगळे पुस्तक गाळून.

अहवाल लिहिणारे गृहस्थ अंगणातच उभे होते, आणि ते तिचे सख्खे काका होते. तरुणपणी त्यांनी या दलदलीत ट्रकामागून ट्रक माती ओतून भराव घातला होता, त्यावर वसाहत उभी केली होती आणि पहिले घर आपल्या बहिणीला दिले होते. भराव घालणाऱ्यालाच भरावावरच्या घरांचे काय झाले हे तपासायला बसवण्यात वरच्यांना काही वावगे दिसले नाही. समितीला अनुभवी माणूस हवा होता, आणि त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

“वाचलंस?” काकांनी विचारले. त्यांचा आवाज खरेच बसलेला होता. बहिणीच्या मृत्यूने ते खचले होते, यात ढोंग नव्हते. आणि ढोंग नव्हते म्हणूनच त्यांच्यावर नुसते चिडणे अवघड होते.

“वाचलं.”

“उद्या मंजुरीची बैठक आहे. नुकसानीच्या भागावर तुझी सही लागेल. तुझंच तर काम आहे ते.”

“माझं वाक्य आहे, काका. काम माझं नाही.”

“वजाबाकीबाई, आज तरी शब्दांचा कीस नको.”

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिचा आतेभाऊ फावड्याने गाळ ओढत होता. जहाजांच्या इंजिनांवर काम करणारा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आईला अग्नी देऊन आल्यापासून तो गाळच ओढत होता. घर रिकामे झाले, अंगण दिसू लागले, तरी त्याचे फावडे थांबले नव्हते. आता ते थांबले.

“ताई,” तो म्हणाला, “इशाऱ्याकडे दुर्लक्ष म्हणजे माझी आई का?”

मग काका हळूच म्हणाले की, नाव कुणाचेच घातलेले नाही, वाक्य सरसकट आहे, आणि तसेही तुझी आई कुणाचे ऐकणारी होती का रे.

“कुणाचं ऐकणारी नव्हती?” वजाबाकीची आई पायरीवर बसून चिनीमातीच्या बश्या फडक्याने पुसत होती. तिने मान वर केली नाही. “या घराण्यात ती एकटीच सगळ्यांचं ऐकत आली, भाऊजी. तुम्ही म्हणालात इथे राहा, ती राहिली. दलदलीत राहायला कोण येणार म्हणून लोक हसत होते, तेव्हा तुमची अब्रू राखायला तीच राहिली ना पहिली?”

“वहिनी, मी वाईट अर्थाने म्हणालो नाही.”

“चांगल्या अर्थाने म्हणालात तरी ती गेलीच.”

आतेभावाने फावडे भिंतीला टेकवले. त्याने मग जे सांगितले ते सगळ्यांनी आधी ऐकलेले होते, पण त्याला ते पुन्हा सांगितल्याशिवाय राहवत नव्हते. वादळाच्या आदल्या रात्री त्याने आईला निघ म्हटले होते, आणि सकाळी पुन्हा फोन केला होता. गाडी घेऊन येतो म्हणाला होता. ती म्हणाली, येऊ नकोस, पाणी उंबऱ्याला लागायचे नाही, मला पक्के माहीत आहे. तो चिडला. तुला काय समुद्राने येऊन सांगितले का, असे बोलला आणि फोन आदळला. त्यानंतर दिवसभर त्याने पुन्हा केला नाही. आणि संध्याकाळी केला तेव्हा लागला नाही.

“पक्कं म्हणाली,” तो म्हणाला. “आई कधी कशाला पक्कं म्हणायची नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर ‘असेल’ म्हणायची. मग हे कुठून पक्कं माहीत झालं तिला? मला दुसरं काही नको. एवढंच कुणीतरी सांगा.”

वजाबाकीने वडिलांकडे पाहिले. ते उपड्या खोक्यावर बसून शिवणयंत्राच्या चाकावरचा गाळ हातरुमालाने काढत होते. सबंध जिल्ह्याची जमीन ज्यांनी आयुष्यभर मोजली, ते निवृत्त मुख्य भूमापक एका चाकाच्या आऱ्यांमध्ये नखाने कोरत होते, जणू जगात तेवढेच काम उरले होते. या घराण्यातली भांडणे तिला लहानपणापासून पाठ होती. काका एका बाजूला. बाबा आणि ती दुसऱ्या. काकांचा भराव, काकांची कंत्राटे, काकांचे हारतुरे, या सगळ्यावर बाबांनी जेवणाच्या टेबलावर कोरडे ओढले नाहीत असा आठवडा गेला नव्हता. म्हणून आता ते काय म्हणतील याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

“सही करून टाक,” बाबा म्हणाले.

तिला वाटले, ऐकण्यात चूक झाली. काकांनाही तसेच वाटले असावे. त्यांनी भावाकडे अशा नजरेने पाहिले की, कृतज्ञतेपेक्षा तिच्यात भीतीच जास्त होती.

“बाबा, यात लिहिलंय समुद्र हातभर चढला.”

“चढला असेल.”

“शेजारच्या कुठल्याच बंदरात वीतभरापेक्षा जास्त चढलेला नाही. समुद्र काय फक्त आपल्याच दारात उंच होतो?”

“मी निवृत्त माणूस आहे. मला विचारू नकोस.”

तिने काकांकडे वळून, हा हात आणला कुठून, असे विचारले. काका म्हणाले, धक्क्यावरच्या पट्टीवरून. समुद्राची पातळी तिथे रोज वाचतात, कुणीही जाऊन पाहावी. आणि ती पट्टी कशाशी जुळवतात, हे तिने विचारले तेव्हा काकांची नजर घराच्या उंबऱ्याकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

उंबऱ्याच्या दगडात मुठीएवढी पितळेची खूण बसवलेली होती. गावातली प्रत्येक उंची त्या खुणेपासून मोजत. रस्ते, गटारे, धक्का, धक्क्यावरची पट्टी, आणि आता अहवालाच्या शिफारशीप्रमाणे पुन्हा बांधायची घरे: ‘खुणेपासून दोन हात वर’. पूर्वी गावाची खूण खाडीपलीकडे, दीपगृहाखालच्या कातळात होती. आजोबांनी, तेही भूमापकच, ती स्वतः छिन्नीने कोरली होती. वसाहत झाली तेव्हा बाबांनी नवी खूण या उंबऱ्यावर आणली. आत्या ती दर आठवड्याला चिंचेने घासायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की, साऱ्या गावाची उंची माझ्या दारातून सुरू होते, तेव्हा चपला जरा बाजूला काढा.

वजाबाकीच्या आलेखांत या एका गावाचा चढ शेजारच्या किनाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त दिसे. तिने एका तळटीपेत ‘स्थानिक कारणे’ असे लिहून पान उलटले होते. आपल्या बापाच्या आकड्यावर कोण शंका घेतो? आता ते स्थानिक कारण तिच्यासमोर खोक्यावर बसून चाक पुसत होते.

“बाबा, मोजणीचं यंत्र गाडीत आहे,” ती म्हणाली. “कातळापासून इथवर उंचीची रेघ आणू या.”

यंत्र गाडीत होते याचा अर्थ ती ठरवूनच आली होती, हे सगळ्यांना कळले. बाबांनी आधी, आज हा दिवस आहे का, असे म्हटले. मग, यंत्र जुने आहे. मग, माझे डोळे गेले.

“शब्दकोडं सोडवताना बरे असतात,” आई म्हणाली.

“तुला यातलं काही कळत नाही.”

“नाही कळत. म्हणून तर तुम्ही सांगाल ते ऐकत आले.”

आतेभाऊ केव्हाच फाटकाबाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात काळ्यापांढऱ्या आकड्यांची मोजणीची उंच पट्टी होती. “मी धरतो, मामा,” तो म्हणाला. “लहानपणी आजोबांसाठी आई धरायची ना? सांगायची ती. ऊन लागायचं, पण तुम्ही यंत्रामागून तोंडं वेडावून हसवायचात म्हणून पट्टी हलायची, आणि आजोबा तिलाच ओरडायचे.”

बाबा उठले. यापुढे नाही म्हणायला माणूस फार निगरगट्ट असावा लागतो, आणि ते तसे नव्हते. त्यांचे दुर्दैव तेच होते.

काम साधे होते आणि या कुटुंबाइतके ते सफाईने कुणाला येत नव्हते. आधी कातळावरच्या खुणेवर पट्टी उभी करायची, यंत्रातून मागचे वाचन घ्यायचे. मग पट्टीवाल्याने पुढे जाऊन उभे राहायचे, पुढचे वाचन. मग यंत्र त्याला ओलांडून पुढे. असे मुक्काम-मुक्काम करत उंची हातात धरून चालत आणायची, भरलेले भांडे आणतात तशी. आजोबांचा दंडक असा की रेघ जिथून निघाली तिथे परत नेऊन मिटवायची. परत गेल्यावर केसभर चूक उरतेच. ती सगळ्या मुक्कामांवर सारखी वाटून टाकतात. कुणा एका मुक्कामाला दोष द्यायचा नाही. लहान चुकीपुरता हा शहाणपणा आहे. मोठ्या चुकीच्या बाबतीत हाच गुन्हा ठरतो, कारण मोठी चूक कुठल्यातरी एकाच मुक्कामावर झालेली असते.

कातळापाशी वारा होता. बाबांनी तिपाई रोवली, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणला आणि डोळा लावला. पहिले वाचन त्यांनी सांगितले तेव्हा वजाबाकीला लहानपणचे बाबा आठवले. जगात काय कुठे आहे हे ज्यांना ठाऊक आहे असे. ती आकडे टिपत गेली. काका मागून चालत होते, हात पाठीशी बांधून, मध्येच म्हणत होते की, याला काही कायदेशीर किंमत नाही बरं का. आई घरीच थांबली होती.

पूल ओलांडून ते वसाहतीत शिरले. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पाण्याने आपली रेघ ओढून ठेवली होती, खिडक्यांच्या गजांवरून, एका घराच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या लग्नाच्या तसबिरीच्या मधोमध. नवरानवरी गळ्यापर्यंत पिवळी पडली होती. पाणी सपाट असते. पण त्याची रेघ वसाहतीच्या तोंडाशी कमरेला होती आणि जसजसे ते आत चालले तसतशी चढत छातीखाली आली, जरी रस्ता डोळ्यांना सरळ दिसत होता. वजाबाकीने ते पाहिले. बाबांनी ते पाहिले हे तिने पाहिले. रेघ वर चढत नव्हती. पायाखालची जमीन खाली उतरत होती.

“पट्टी सरळ धर,” बाबा यंत्रामागून म्हणाले. “मागे झुकतोयस.”

“मी नाही झुकत, मामा. रस्ता झुकतोय.”

एरवी यावर कुणीतरी हसले असते. त्या घराण्यात हसायला फार कारण लागत नसे.

शेवटचा मुक्काम आत्याच्या फाटकात पडला. आतेभावाने उंबऱ्यावरचा गाळ आधी तळहाताने, मग सदऱ्याच्या टोकाने पुसला. पितळ चकाकले. त्याने पट्टी अशी अलगद टेकवली की, जणू खूण दुखावेल. बाबांनी डोळा लावला आणि तो काढलाच नाही. वजाबाकी पेन्सिल धरून थांबली. आई पायरीवरची बशी हातात धरून थांबली.

“बाबा, वाचन?”

त्यांनी आकडा सांगितला. तिने बेरीज केली, वजाबाकी केली, पुन्हा केली. मग हात जमिनीपाशी नेऊन अंगठा आणि करंगळी ताणली आणि सगळ्यांना दाखवली. वीतभर. खूण जिथे असायला हवी होती तिथून वीतभर खाली होती.

म्हणजे गोष्ट अशी होती. समुद्र वीतभर चढला होता, तो सगळीकडेच चढला होता, आणि त्याला जगभरच्या धुराड्यांचे कारण होते. जमीन वीतभर बसली होती, आणि तिला इथल्या भरावाचे कारण होते. खूण भरावावर होती, म्हणून ती जमिनीबरोबर निमूट खाली गेली. दरवर्षी धक्क्यावरची पट्टी खुणेशी जुळवून तेवढी खाली सरकवली गेली, आणि समुद्र तेवढाच वर आल्यासारखा दिसत राहिला. घर, रस्ता, खूण सगळे एकत्र बुडत असल्यामुळे कुणीच बुडत नव्हते. अहवालाने दोन्ही विती समुद्राच्या नावावर टाकल्या, कारण समुद्र वकील देत नाही.

“जुनं यंत्र आहे,” काका म्हणाले. कुणी काही विचारले नव्हते. “चाळीस ठिकाणी उभं केलंत, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी चूक होते. दादा, तूच सांगायचास. वाटून टाक ना. मुक्कामांवर वाटून टाकली तर काही उरत नाही.”

बाबांनी यंत्रावरून मान उचलली. त्यांचा चेहरा असा झाला होता की, वजाबाकीने त्यांच्याकडून नजर काढून घेतली.

“परत जाऊन मिटवू, बाबा,” ती म्हणाली. “कातळापर्यंत. मग वाद नको.”

“नको.”

“पण रेघ मिटवल्याशिवाय...”

“मिटेल ती,” बाबा म्हणाले. “केसभर फरकाने मिटेल. मला माहीत आहे.”

हे वाक्य काय होते ते आधी आईला कळले. तिने बशी खाली ठेवली. मग काकांना कळले. ते भावापाशी गेले, त्याच्या कोपराला धरून खालच्या आवाजात म्हणाले की, दादा, तू थकला आहेस, आत चल, पेन्शनीचा, नावाचा, आपल्या बाबांच्या नावाचा तरी विचार कर; भराव मी घातला, मला कुणी काही म्हणत नाही, तुलाही कुणी म्हणणार नाही, अहवाल झाला आहे ना. त्या क्षणी ते खलनायक दिसत नव्हते. धाकटा भाऊ मोठ्या भावाला पडताना सावरतो तसे दिसत होते, आणि गेली कित्येक वर्षे जेवणाच्या टेबलावर त्यांना का झोडपले जात होते, हे वजाबाकीला आत्ता उमगले. दोघांच्या वाट्याचा राग एकट्याला देऊन ठेवलेला होता.

आतेभाऊ अजून पट्टी धरून उभा होता. ती खाली ठेव, असे त्याला कुणी सांगितले नव्हते.

“मामा,” त्याने विचारले, “आईला माहीत होतं हे? खूण खाली गेलीय ते?”

“नाही.”

“मग ती कशावर पक्कं म्हणाली?”

बाबांनी कोपर सोडवून घेतले. ते उंबऱ्यापाशी गेले आणि खुणेशेजारी, जिथे आत्या संध्याकाळी बसायची तिथे, गुडघ्यांवर हात टेकत बसले. त्यांनी वजाबाकीकडे पाहून अहवालाकडे बोट केले.

“त्याच्या पाठीमागे लिही,” ते म्हणाले. “उद्या बैठकीत वाच. मी बोलतो तसंच. ‘असे निदर्शनास येते’ वगैरे घालू नकोस. माझी भाषा नीट करू नकोस.”

“दादा,” काका म्हणाले.

“तू बस. तुझं काही नाही यात. तू माती टाकलीस, ती बसली. मातीने तिचं काम केलं.” मग ते भाच्याकडे वळले. “आणि तू ती पट्टी ठेव आता. हात भरून आले असतील.”

आतेभावाने पट्टी ठेवली नाही. वजाबाकीने कागद उलटा केला आणि गुडघ्यावर धरला. बाबा सावकाश बोलले, वाचन सांगावे तसे, प्रत्येक शब्दानंतर तिची पेन्सिल थांबेपर्यंत थांबत. तिने एकही शब्द बदलला नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीत ते असे वाचले गेले:

“खूण मी भरावावर बसवली. भराव बसतो हे मला माहीत होतं, पहिल्या वर्षाला शिकवतात ते. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, दर वेळी कातळावरून उंची आणणं जिकिरीचं होतं, उद्घाटन तोंडावर आलं होतं, आणि बहीण म्हणाली, दादा, माझ्याच दारात लाव. मला ते आवडलं. नोकरी सुटायच्या वर्षी मी कातळापासून गुपचूप रेघ आणून पाहिली. खूण चार बोटं खाली गेली होती. एवढी चूक वाटता येत नाही. मी वाटली. सगळ्या मुक्कामांवर थोडी थोडी वाटली आणि आकडा जुनाच ठेवला, कारण तो बदलला असता तर वसाहत का हलवत नाही असं कुणीतरी विचारलं असतं. पुढे तो सांगून सांगून मलाच खरा वाटायला लागला. वादळाच्या दिवशी पहाटेच तिचा मला फोन आला. म्हणाली, दादा, पोरगा रात्रीपासून निघ म्हणतोय, निघू का? मी तो आकडा बघितला. खोटा आहे हे मला माहीत होतं, तरी तोच बघितला. दुसरा मी कधी लिहिलाच नव्हता. मी म्हणालो, पाणी उंबऱ्याला लागत नाही, पक्कं, थांब घरात. आणि म्हणालो, मी सांगितलं हे पोराला बोलू नकोस, त्याला वाटेल मामा मध्ये पडतो. ती म्हणाली, बरं दादा.”